सातबारा, घरपट्टी अन् भावाचा फॉर्म 16

आज पिकाचं नाही, कागदाचं लिहितो.

दिवाळीत धाकटा भाऊ सोयगावला आला होता. शिक्षक आहे, शहरात राहतो. जेवताना बोलून गेला, "दादा, आमचा टॅक्स पगारातूनच कापतात. तुम्हा शेतकऱ्यांना एक रुपया नाही." मी गप बसलो, पण घास काही गोड लागला नाही.

तो गेल्यावर कागद काढले. कराच्या कागदावरून कुणाचं किती उत्पन्न ते कळतं का, पाहू म्हटलं. 8-अ चा उतारा ऑनलाइन कुणालाही दिसतो. त्यावर आम्ही दोघं सारखेच. वडिलांच्या वाटणीचे चार-चार एकर, आकार सहा-सात रुपये. त्याची जमीन बटाईनं दिलेली, माझी मी कसतो. आकार जुन्या बंदोबस्तात जमिनीची प्रत पाहून ठरलेला. माल काय भावानं गेला, ते त्यात येत नाही. विहीर बाराच्या उताऱ्यात दिसते, पण आटलेली का भरलेली ते लिहिलेलं नसतं.

मग ग्रामपंचायतीत घरपट्टीचा नमुना 8 पाहिला. हा कागद जरा खरं बोलतो. घर मातीचं, पत्र्याचं का स्लॅबचं, सगळं असतं. आमच्या गल्लीत स्लॅबची सात घरं. पाच घरांत पगार नाहीतर पेन्शन, एकाचं कृषी केंद्र. नुसत्या शेतीवर स्लॅब पडलेलं घर एकच, अन् त्याच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. सगळ्यात जास्त जमीनवाला गडी अजून पत्र्यातच आहे.

भावाकडून 2024-25 चा फॉर्म 16 मागवला. पगार 10 लाख, कर 44,200. माझ्याकडं फॉर्म नाही, वही आहे. त्याच सालची तीन एकर कपाशी, 21 क्विंटल, सरासरी 7,000 नं 1,47,000. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी 98,000. राहिले 49,000. एकरभर मक्यानं 14,000 दिले. झाले 63,000. इतकी वर्षं कुणी विचारलं तर मी दीड लाख सांगायचो! पट्टीवरचा आकडाच उत्पन्न समजायचो, चूक माझीच.

त्या सालाला 1961 च्या आयकर कायद्यात कलम 10(1) नं शेतीचं उत्पन्न करमुक्त होतं. भाऊ खोटं बोलला नाही. पण 63,000 वर कर तसाही बसला नसता. ती सूट खरी कामाला येते मोठ्या बागायतदाराला, अन् धंद्याचा पैसा शेतीत दाखवणाऱ्याला. आयकर खातं उत्पन्नाच्या गटांप्रमाणं विवरणपत्रांची आकडेवारी काढतं, त्यात भाऊ एका रकान्यात आहे, मी कुठंच नाही. जीएसटी मात्र भरतोच. खतावर 5 टक्के, फवारणीच्या रासायनिक औषधावर 18. व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते, आपल्याला नाही.

संक्रांतीला भावापुढं वही ठेवली. बराच वेळ चाळली. टॅक्सचं काही बोलला नाही. म्हणाला, "दादा, वहिनीची मजुरी कुठं लिहिलीय?"

लिहिलीच नव्हती. निंदणी-वेचणीचे तिचे 46 दिवस, तिच्याच ध्यानात होते. 250 रुपये रोजानं 11,500. कपाशीचे राहिले 37,500.

यंदा वहीत तिचा रकाना वेगळा केलाय. तुम्ही घरच्या माणसांचा रोज कसा धरता, ते लिहा.