अवेळीचे बिऱ्हाड

महाबळेश्वरला उन्हाळ्यात जाणारे शहाणे आणि पावसाळ्यात जाणारे वेडे, अशी एक जुनी वाटणी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईचे गव्हर्नरसाहेबसुद्धा उन्हाळा तिथे काढीत आणि पाऊस आला की पुण्यास उतरत. आम्ही मात्र मुद्दाम जुलैत निघालो. आमच्या आबांना थंड हवा नको होती. त्यांना पाऊस पाहायचा होता.

आमचे करमाड संभाजीनगर-जालना रस्त्यावर. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही त्याच्या मनात आले तर. 1972 च्या दुष्काळात आबा चोवीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आता वय सत्त्याहत्तर आणि छातीत दमा. "एकदा बेजार होईस्तवर पाऊस बघायचाय," एवढेच त्यांचे मागणे. शेजाऱ्यांनी म्हैसमाळ सुचवले. खुलदाबादच्या पलीकडचे ते पठार श्रावणात खरोखरच देखणे असते. पण आबांनी ते उडवून लावले. "तिथला पाऊस आपलाच. हात राखून पडतो."

मग प्रश्न आला मुक्कामाचा. अवेळी खोल्यांची भाडी उतरतात आणि माणूस तिथेच भुलतो. वरच्या एका लॉजचे मालक फोनवर भाडे खाली आणीत होते. गादी कोरडी मिळेल का म्हणून विचारले, तेव्हा ते घुटमळले. वाचकहो, पावसाळ्यात खिडकीतून देखावा दिसतो का हे विचारूच नये. देखावा म्हणजे पांढरे धुके, तुमच्या खिडकीतले आणि शेजाऱ्याच्या खिडकीतले एकच! छप्पर गळते का, अंथरूण सुकते कुठे, आणि जेवण तिथेच मिळते की भर पावसात बाजारात जावे लागते, हे आधी विचारावे. वर भिंतींना घाम फुटतो, काडी पेटत नाही. पूर्वीपासून तिथे पावसाच्या तोंडी घरे गवताच्या ताट्यांनी झाकून घेत. आता प्लॅस्टिकची कापडेही दिसतात. अशा जागी दम्याच्या म्हाताऱ्याला झोपवणे म्हणजे कठीणच.

सह्याद्रीने मात्र सोय करून ठेवली आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या कड्यावर चढतात, गार होतात आणि महाबळेश्वरी ओझे टाकतात, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर! तिथून पूर्वेला एकोणीस किलोमीटरवर पाचगणी. तिथे त्याचा सुमारे तिसरा हिस्सा पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आले की त्याहूनही पुष्कळ कमी. पाचगणीला 1912 साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, ते काही उगीच नव्हे. आल्प्समध्येही बर्फाचा हंगाम सरून उन्हाळा यायच्या आधी वरची पुष्कळ हॉटेले बंद असतात, आणि जाणते प्रवासी खालच्या तळ्याकाठच्या गावात उतरतात. माझे मत असे, की अवेळी जायचे तर जिथे माणसे बारा महिने राहतात तिथे बिऱ्हाड करावे.

म्हणून वाई ठरली. वाईला प्रवाशांची वाट पाहत बसावे लागत नाही. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाची कचेरी, बाजार. गावाचे आपले चाललेले असते. घाटाजवळ एका घरी खोली मिळाली, आणि मुख्य म्हणजे कोरडी गोधडी. सकाळी एसटीने वर जायचे, दिवे लागायच्या आत खाली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीत तिकीट नाही, त्यामुळे आबा वाहकाकडे मोठ्या रुबाबाने पाहत.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचे पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडते. बाहेर आभाळ फाटले होते. आबा पागोळ्यांखाली हात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. "देवानं समदं एकाच ताटात वाढलंय की," ते म्हणाले. त्यात कौतुक होते आणि थोडा रागही.

दुसऱ्या संध्याकाळी ते परतीच्या गाडीत बसेनात. रात्री छपरावर पाऊस ऐकायचा होता. त्यांच्या छातीची घरघर मला ऐकू येत होती; पण एवढ्या लांब येऊन वाईच्या भुरभुरीत त्यांना निजवणेही बरे वाटेना. शेवटी मधला मार्ग म्हणून पाचगणीला उतरलो. चार खोल्या पाहिल्या. तीन ठिकाणी उशीला बुरशीचा वास. चौथीवर पत्रा होता, गादी उबदार होती, आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. भाडे सर्वांत जास्त. मी घासाघीस केली नाही.

रात्रभर पत्रा वाजत होता. आबा भिंतीला टेकून, गोधडी पांघरून, औषधाचा पंप मुठीत धरून बसले होते. दोनदा पंप ओढावा लागला. पहाटे मी विचारले, "आबा, झोपला नाहीत?"

"झोपायला करमाड हाय की."

सकाळच्या गाडीने आम्ही घाट उतरलो. वाईत पाऊस थांबला होता, आणि घरमालकीणबाईंनी आमची ओली धोतरे चुलीवरच्या दोरीला टाकली.