पुसणारा हात

गेल्या श्रावणात माझ्या उजव्या अंगठ्यानं प्लेट पुसायचं नाकारलं. तसा अंगठा हलतो, चहाचा कप धरतो, सही करतो. पण शाई भरलेल्या जस्ताच्या प्लेटवर तळहाताचा उंचवटा टेकवून शेवटचा हलका फटकारा मारायला गेलो, की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि हात मध्येच उचलला जातो. जिथं हात उचलला तिथं डाग राहतो. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज आहे. त्यांनी पट्टा दिला आणि विचारलं, "हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता येणार नाही का?" त्या प्रश्नाशी मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होतो.

ज्यानं एचिंग केलंय त्याला पुसणं काय असतं ते सांगायला नको: खाचांतली शाई राखायची आणि वरची काढून घ्यायची. माझी तीस वर्षांची अडचण त्या शेवटच्या चार फटकाऱ्यांत आहे, आणि ती काळ्याची अडचण आहे. ॲक्वाटिंटमधलं, म्हणजे राळेची भुकटी प्लेटवर वितळवून ॲसिडनं खाल्लेल्या दाणेदार पृष्ठभागातलं, खोल काळं. हात जरा जास्त फिरला की राळेच्या कणांमधली शाई ओढली जाते आणि काळ्याचं करडं होतं. हात कमी फिरला तर उजेडाच्या जागांवर शाईची साय राहते आणि सगळं चित्र आजारी दिसतं. प्लेट ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवूनही भागत नाही. एका हद्दीपुढे कण ढासळतात, जस्त सपाट होतं, शाई धरून ठेवायला जागाच उरत नाही. काळ्याच्या लोभानं मी अशा किती प्लेटा घालवल्या, त्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवल्या आहेत.

ते काळं मला एकदा मिळालं होतं. १९९४ साली, बडोद्याला, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी. आमच्या गावच्या घरातल्या माजघराची प्लेट होती: एक झरोका, त्यातून तिरपा आलेला उजेड, आणि बाकी कणगीमागचा अंधार. तो अंधार असा उतरला होता की कागदाला तिथं तळ नाही असं वाटावं. अकरा प्रिंट काढले. अकराही एकसारखे. त्यातल्या एकाला एका प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात बक्षीस मिळालं, आणि मी वयाच्या चोविसाव्या वर्षी पक्कं ठरवून टाकलं की काळं हे माझं आहे. दुसऱ्या कुणाचे उजेड असतील, कुणाची रेषा असेल, काळं माझं.

मग पदवी हातात आली आणि मी कोल्हापूरला परतलो. चित्रकार कॉलेजातून बाहेर पडतो तेव्हा ब्रश बरोबर घेऊन पडतो. शिल्पकाराला माती कुठंही मिळते. प्रिंटमेकर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसतं. प्रेस मागं राहते. ॲसिडची हवेशीर खोली, राळेची पेटी, प्लेट तापवायची शेगडी, कागद भिजवायची टाकी, सगळं मागं राहतं. त्या जूनमध्ये मला पहिल्यांदा कळलं की मी जे पाच वर्षं शिकलो ते करायला लागणारं एकही साधन माझ्या जिल्ह्यात मला ठाऊक नाही. कलाशिक्षकाची नोकरी धरावी म्हटलं तर त्याला एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका हवी होती, आणि मी तर पदवी घेऊन आलेला. म्हणून भाद्रपदाआधी दोन महिने गंगावेशीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली. दुकानांच्या पाट्या रंगवल्या. रात्री लाकडावर कोरून, चमच्याच्या पाठीनं घासून ठसे काढले. ते ठसे वाईट नव्हते. पण लाकडाचं काळं पृष्ठभागावर बसतं. मला आत उतरलेलं काळं हवं होतं.

जस्त मिळालं ते ब्लॉकमेकरांकडे. ऑफसेट आली होती, खिळ्यांचे छापखाने एकेक करून बंद होत होते, आणि ब्लॉक करणाऱ्यांकडे जस्ताचे पत्रे नुसते पडून होते. ते मला किलोवर मिळाले. एका धंद्याच्या मरणावर माझी सुरुवात झाली, याची तेव्हा मला जाणीवही नव्हती. मी फक्त स्वस्त पत्र्यावर खूश होतो.

प्रेस बनवून घेतली शिवाजी उद्यमनगरात. तिथल्या एका टर्नरनं आयुष्यभर उसाच्या रसाचे चरक दुरुस्त केले होते. मी कागदावर दोन रोल, मधे सरकणारा पत्रा, वर दोन स्क्रू असं काढून दाखवलं, तर तो लगेच म्हणाला, "म्हंजे चरकच की. फक्त ह्यातनं काय काढायचं ते सांगा, दाब तेवढा देतो." गणपतीच्या दोन हंगामांचे पैसे त्यात गेले. पैसे पुरावेत म्हणून वरचा रोल भरीव न घेता जाड पाइपचा केला. फेल्ट परवडत नव्हतं, म्हणून धनगरी घोंगडीचे तुकडे कापून वापरले. पहिला प्रिंट उचलला तेव्हा ओल्या कागदाच्या समासात घोंगडीची वीण उमटली होती, आणि माजघराचा अंधार कडेला काळा, मधोमध करडा.

तो मधला करडा डाग मी सात वर्षं हाकलत होतो. पोकळ रोल दाबाखाली मधोमध वाकतो, केसाएवढाच वाकतो, पण काळ्याला तेवढंही चालत नाही. मी घोंगडीखाली कागदाच्या पट्ट्या घातल्या. स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं आवळून प्रत्येक आकडा वहीत लिहिला. शाईत जवसाचं तेल कमीजास्त केलं. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणून एक रात्र, दोन रात्री भिजवून पाहिला. दोष पावसाळी हवेला दिला, जस्ताला दिला, शाईला दिला. एकदा भोपाळला भारत भवनच्या ग्राफिक वर्कशॉपमध्ये जाऊन राहिलो. १९८२ पासून बाहेरचा कलावंतही तिथं जाऊन काम करू शकतो. तिथल्या भारी प्रेसवर माझीच माजघराची प्लेट लावली. मधला डाग गेला, कबूल आहे. पण काळं आलं नाही. एक सरळ, सभ्य, गडद करडं आलं. ती प्लेट झिजली, असं मी स्वतःला समजावलं. जस्तावरचं ॲक्वाटिंट खरंच लवकर झिजतं, त्यामुळे ते पटायलाही सोपं गेलं.

पुढे साखर कारखान्याच्या भंगारातला भरीव शाफ्ट मिळाला, रोल बदलला, फेल्ट आलं. तोवर माझं नाव थोडं झालं होतं. मुंबईत एका समूहप्रदर्शनात कुणीतरी माझ्या करड्या छटांचं कौतुक केलं. म्हणाले, या संयमात तुमची भाषा आहे. मी मान डोलावली. जे मला जमत नव्हतं त्याला मी त्या दिवशी माझी निवड म्हटलं, आणि पुढे कित्येक वर्षं कॅटलॉगमध्ये तसंच लिहू दिलं. मी केलेल्या गोष्टींपैकी याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

आज एचिंगवर बोलायला कुणी बोलावलं की मी फार कडवट बोलतो. कॅनव्हासचा फोटो काढून, चांगल्या कागदावर यंत्रातून छापून, खाली पेन्सिलीनं ३/५० लिहायचं आणि त्याला लिमिटेड एडिशन म्हणायचं, हे मला सहन होत नाही. एडिशनचा आकडा हा हाताच्या श्रमाचा आकडा आहे. पन्नास वेळा शाई भरली, पन्नास वेळा पुसली, त्याची ती नोंद आहे. कुठल्याही हातानं काही पुसलेलं नसताना तो आकडा लिहिणं मला खोटी साक्ष वाटते. हे मत मी बदलणार नाही. पण साक्षीचंच म्हणायचं तर मलाही एका ठिकाणी उभं राहावं लागेल.

या जूनमध्ये एक मुलगी आली. नुकतीच पदवी झालेली, गडहिंग्लजकडची. रोज एसटीनं येते, डबा आणते. "सर, फक्त प्रेस वापरू द्या, झाडलोट मी करीन." तिच्या बोलण्यात मला माझा १९९४ चा जून ऐकू आला. आता बडोद्यात 'छाप'सारख्या प्रिंटमेकरांच्या कार्यशाळा आहेत, दिल्लीत गढीचे स्टुडिओ आहेत, पण गडहिंग्लजहून त्या सारख्याच लांब. मी हो म्हटलं. अंगठा तेव्हा दुखायला लागला होता, हेही खरं. माझ्या हो म्हणण्यात माझी गरज किती आणि औदार्य किती, हे मी तपासलेलं नाही.

श्रावणात मी तिला माजघराची प्लेट दिली. ती जुनी नव्हे. मी दर काही वर्षांनी ते माजघर नव्यानं कोरतो, ही सहावी. तिनं जाळीचं कापड फिरवलं, मलमल फिरवली, तळव्याला खडूची भुकटी लावली. मी बाजूला स्टुलावर बसून सूचना देत होतो. तिनं चार फटकारे मारले, थांबली, प्लेट उचलून खिडकीकडे तिरपी धरली, डोळे बारीक करून बघितलं, आणि मी काही सांगायच्या आत एका कोपऱ्यावरून, फक्त एका कोपऱ्यावरून, करंगळीच्या बाजूनं तळवा ओढला.

ती हालचाल मी आधी पाहिली होती.

बडोद्याला प्रेसवर एक काका होते. स्टुडिओचे सेवक. सकाळी दहाला येऊन ते रोलवर तळवा ठेवत, मग स्क्रू फिरवत. किती, ते कधी सांगत नसत. आम्ही पुसलेली प्लेट बेडवर ठेवली की ते ती उचलून तिरप्या उजेडात बघत, आणि कधी कधी, काही न बोलता, कोपऱ्यावरून करंगळीच्या बाजूनं हात ओढत. माझ्या माजघराच्या अकराही प्रिंटांच्या वेळी त्यांनी ते केलं होतं. मी तेव्हा बघत होतो. बघितलं ते विसरायला मला फार वेळ लागला नाही.

मुलीनं प्रेस फिरवली. कागद उचलला. कणगीमागे ते काळं उतरलं होतं. मी तीस वर्षांनी ते पाहिलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "दाब माझ्या आकड्यावरचा आहे ना?" ती म्हणाली, "हो सर, वहीतलाच." मला तिचा राग आला होता. आनंदही झाला होता, पण राग आधी आला.

तिनं नऊ प्रिंट काढले. मी नऊंवर सही केली. त्यातला एक दिवाळीआधी पुण्यात प्रदर्शनात लागला, आणि एका जुन्या चित्रकारमित्रानं बराच वेळ त्यासमोर उभं राहून म्हटलं, "हे काळं तुला पुन्हा सापडलं." ती माझ्या मागेच, हातभर अंतरावर उभी होती. मी म्हटलं, "हो, फार वर्षांनी."

परतीच्या गाडीत मला रविवर्म्याच्या छापखान्याची आठवण येत राहिली. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या तसबिरी घरोघरी देव्हाऱ्यात गेल्या. नाव एकाचं. दगडावर एकेक रंग चढवणारे, कागद जुळवून धरणारे, दाब ओळखणारे कितीतरी हात त्यात होते, आणि त्यांतले बहुतेक बिननावी राहिले. युरोपातल्या कार्यशाळांमध्ये छापणारा आपला छोटा कोरा ठसा प्रिंटच्या कोपऱ्यात उमटवतो, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलंय. सांगताना मला ती दूरदेशीची एक छान रीत वाटायची.

गेल्या आठवड्यात गुजरीत ठसे कोरणाऱ्याकडे तिला घेऊन गेलो. कागदावर दाबायचा एक बारीक ठसा, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा. उरलेल्या आठ प्रिंटांवर तो माझ्या सहीखाली उमटेल. पुण्यातला नववा विकला गेला आहे, तो तसाच राहील.

ठसा कसा असावा हे ती कारागिराला सांगत होती. काकांबद्दल मी तिला वाटेत सांगितलं होतं. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमच्या त्या बडोद्याच्या प्रिंटांवर काकांचंही अक्षर घालूया का? जागा आहे समासात. काय नाव त्यांचं?"

मी तिथं उभा राहून आठवत होतो. स्क्रूवरचा त्यांचा हात आठवला. निळा सदरा आठवला. दुपारी प्रेसच्या बेडवर पेपर अंथरून डबा खायचे, ते आठवलं. पाच वर्षं मी त्यांना काका म्हटलं, आणि नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

कारागीर माझ्याकडे बघत थांबला होता. मी म्हटलं, "एकच ठसा करा."