सनद कुठे आहे?

चॅटबॉट कॉलेजच्या वर्गात यावा की येऊ नये, हा वाद आता उरलेला नाही. तो आला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी सर्वांसाठी खुला झाला आणि पुढच्याच वर्षी आमच्या बी.ए.च्या मुलांच्या वह्यांत अशी गुळगुळीत मराठी दिसू लागली, जी त्यांच्यापैकी कुणीही बोलत नाही. "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे" हे वाक्य एके दिवशी मी अकरा वह्यांत वाचले. आमच्या स्टाफरूममध्ये काहींचे म्हणणे होते, बंदी घाला. काहींचे म्हणणे, आता नोट्स काढायची कटकट गेली. मला दोन्ही पटत नाही. मी इतिहास शिकवते, आणि इतिहासाच्या वर्गात या यंत्राचा एक उपयोग आहे असे माझे मत झाले आहे.

आधी त्याच्या भल्या गुणाविषयी सांगते. आमच्याकडे दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुली बऱ्याच येतात. पुढे उर्दूची सोय नसते, म्हणून मराठीतून शिकावे लागते. 'रयतवारी' हा शब्द आला की मी समजावून सांगते, पण त्या समजावण्यातला 'धारा' हा शब्द त्यांना अडतो. हात वर करून विचारायची लाज वाटते, कारण उच्चाराला हसणारे मागच्या बाकावर बसलेलेच असतात. एका मुलीने मला तिचा फोन दाखवला. रात्री साडेअकराला तिने चॅटबॉटला एकच गोष्ट सात वेळा विचारली होती, कधी मराठीत, कधी उर्दूत, कधी दोन्हींची खिचडी करून. शेवटी 'लगान' हा शब्द आला आणि तिला उमगले. सातव्यांदा विचारल्यावरही यंत्र चिडले नव्हते. माणसाचे काय होते, हे सर्व आयांना आणि उस्तादांना ठाऊक आहे!

फोन तिचा नव्हता, भावाचा होता. त्याचे काम आटोपल्यावर इशानंतर तासभर मिळतो. या मासिकाच्या वाचकांमध्ये पालक बरेच आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तयार उत्तर उतरवून घेण्यात काही शिकणे नाही, हे खरेच. म्हणून मी मुलांना सांगते, त्याला बजावा की उत्तर देऊ नकोस, मलाच प्रश्न विचार आणि चुकले की पुढचा इशारा दे. हार्वर्डच्या सीएस५० या प्रसिद्ध संगणक अभ्यासक्रमात २०२३ पासून याच धर्तीचा मदतनीस वापरतात. तो उत्तर हातात ठेवत नाही, विद्यार्थ्याला तिथपर्यंत चालवत नेतो. त्याच्याही आधी, २०१६ साली, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोएल यांनी ऑनलाइन वर्गातल्या शंकांना उत्तरे द्यायला 'जिल वॉटसन' नावाची यंत्र-सहाय्यक ठेवली होती. ती माणूस नाही, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना सत्र संपत आले तरी कळले नव्हते. हुशारी मोठी, पण मला तो प्रकार रुचला नाही. आपण कुणाकडून शिकतो आहोत, हे शिकणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

ही अपेक्षा आपल्याला नवी नाही. हदीसचे दोन भाग असतात, मतन आणि सनद. मतन म्हणजे सांगितलेली गोष्ट. सनद म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून, अशी थेट वरपर्यंत जाणारी साखळी. मुहद्दिसांनी मतन कितीही सुंदर असले तरी सनद तपासली. सांगणारा खरा बोलतो का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो भेटला तरी होता का, यासाठी 'अस्माउर्रिजाल' नावाचे एक वेगळे शास्त्रच उभे राहिले. चॅटबॉट मात्र मतनच मतन आहे. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल हे तो जुळवतो. सनद मागितली तर तीही तो जुळवून देऊ शकतो. हल्ली काही चॅटबॉट इंटरनेटवर शोधून दुवे देतात, पण दहा दुवे शेवटी एकाच बिनपुराव्याच्या लेखावर येऊन टेकतात. सगळ्या साखळ्या एकाच कच्च्या रावीतून जात असतील, तर मुहद्दिस त्या दहा मोजत नसत. (दीनी मसल्यांसाठी या यंत्राकडे जाऊच नये, आलिमांना विचारावे, हे वेगळे सांगायला नको.)

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एक काम दिले. चॅटबॉटला फातिमा शेख यांच्याविषयी विचारा. जे मिळेल ते वहीत उतरवा आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा, 'हे कुणी सांगितले?'

मजकूर भरभरून आला. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख सर्वांकडे होती. एकीला त्यांच्या भाषणातला उतारा मिळाला, दुसरीला एका पुस्तकाचे नाव, पानाच्या क्रमांकासह. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात नव्हते, विद्यापीठाच्या यादीतही सापडले नाही. 'कुणी सांगितले' हा रकाना जवळजवळ सगळ्यांचा कोरा राहिला. जन्मतारीख तर इतकी रूढ आहे, की २०२२ साली त्या दिवशी गुगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले होते. पण तिच्या मागे त्या काळचा कागद मुलींना सापडला नाही.

मग मी मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय वर्गात नेले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून आजारी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र त्यात आहे. आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाची ओळ त्या पत्रात येते. तीच आमची सनद.

ती उर्दू माध्यमाची मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, मग आपल्याकडे एवढंच?"

तिचा चेहरा पडला होता. घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी ती. फातिमा तिच्यासाठी परीक्षेतली टीप नव्हती. 'अशी कुणी बाई नव्हतीच' असे छातीठोक सांगणारे तिने फोनवर पाहिले होते, आणि त्यांना तोंड द्यायला यंत्राने तिला चार पानी चरित्र पुरवले होते. मी ते चरित्र काढून घेत होते आणि बदल्यात एक ओळ देत होते.

मी तिला म्हटले, त्या चार पानांतली एक तारीख खोटी ठरली, तर समोरचा तारखेवर थांबणार नाही, बाईलाच पुसून टाकील. त्या ओळीला मात्र त्याला उत्तर द्यावे लागेल. ती गप्प राहिली. पटले की नाही, मला कळले नाही.

नंतर तिने आपल्या प्रकल्पात 'जन्म' या शब्दापुढे रेघ ओढून खाली लिहिले, 'पुरावा मिळाला नाही.' चॅटबॉटची उत्तरे तिने परिशिष्टात जोडली, प्रत्येक वाक्यासमोर खूण करून. चौदांपैकी तीन वाक्ये टिकली. तोंडी परीक्षेत, एवढी साधी जन्मतारीख कशी राहिली, असे तिला विचारण्यात आले. तिने पत्राचा दिनांक सांगितला आणि बाकीचे मी शोधते आहे म्हणाली.

खरेच शोधते आहे. त्या काळातली बरीच कागदपत्रे मोडीत आहेत, असे तिला वर्गात कळले होते. भावाच्या फोनवरून तिने मोडीची बाराखडी मिळवली. रोज एक पान गिरवून आणते आणि अक्षर बरोबर आहे का ते मला विचारते.