धुराड्यातली वात

कोरमंगलात राहणाऱ्या माणसाला घरातलं एखादं काम स्वतःच्या हाताने करायचं असेल, तर आधी कारण द्यावं लागतं. फ्लिपकार्ट २००७ साली इथल्याच एका फ्लॅटमधून सुरू झालं, २०१४ मध्ये स्विगीची सुरुवातही इथूनच झाली. आता नळ, पंखा, सोफा, कुत्रा, ज्याला म्हणाल त्याला आंघोळ घालणारी माणसं फोनवर मिळतात. त्यामुळे स्वयंपाकघरातली चिमणी साफ करायला माणूस बोलवावा की नाही, यावर आमच्याकडे तीन दिवस वाद चालला, हे शेजारणीला विचित्रच वाटलं.

वाद आईचा. ती कराडजवळच्या गावात वाढली. तिच्या माहेरी भांड्यांना बाई होती, गोठ्याला गडी होता, पण रात्री चुलीला पोतेरं फिरवायचं ते घरच्याच बाईने. ‘चुलीला परका हात कशाला?’ हे तिचं म्हणणं. मला त्यात जुन्या सोवळ्याचा वास येतो आणि मी तसं तोंडावर म्हणतेही. पण आईचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, आणि चिमणी ओट्याच्या वर अडीच फुटांवर. मी ऑफिसात असताना ती स्टुलावरून ओट्यावर चढेल, हा माझा खरा धसका होता.

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. तिच्या ड्रायरमध्ये कपडे दोन-दोन फेऱ्यांनीही वाळेनात. तिकडे ड्रायरची गरम दमट हवा भिंतीतल्या चार इंची नळीतून घराबाहेर जाते. कपड्यांचा भुगा जाळीत अडकतो, पण सगळा नाही; उरलेला नळीत थरावर थर साचतो. हवा अडली की ड्रायर तापतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी केलेला अंदाज असा, की घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात, आणि कारणांत सर्वांत वर आहे साफसफाई न करणं. नळीत ब्रश घालून आपणच साफ करावं की माणूस बोलवावा, हे ताई विचारत होती.

त्या भुग्याशी आईची जुनी ओळख. ताईकडे राहायला गेली असताना जाळीवरचा तो मऊ थर बघून तिला वाटलं, हा तर पिंजलेला कापूस, फेकायचा कशाला? तिने त्याची फुलवात वळली, तुपात भिजवली आणि निरांजनात लावली. वात भपकन पेटली, काळा धूर सोडला आणि खोलीभर चिंधी जळाल्याचा वास केला. देवापुढे पॉलिस्टर जाळलं म्हणून ती हळहळली, पण त्या दिवसापासून प्रत्येक धुण्यानंतर जाळी निपटायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. आता ती फोनवर म्हणाली, “जाळी तुझी तू कर. नळीला माणूस बोलव.”

मी संधी साधली. आमच्या चिमणीची नळी सहा इंची, अॅल्युमिनियमची, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी घड्यांची. दोन वळणं घेऊन ती युटिलिटीत उघडते. (बंगळुरात मोरीवजा मागच्या बाल्कनीला युटिलिटी म्हणतात. तिथेच आमचे कपडे वाळतात आणि त्यांना कायम फोडणीचा वास येतो.) प्रत्येक फोडणीची तेलकट वाफ त्या घड्यांत थंड होऊन चिकटते. ज्या चिमण्या ‘ऑटोक्लीन’ म्हणून विकतात, त्या आतला पंखा तापवून त्याच्यावरचं तेल खालच्या वाटीत गाळतात. नळीपर्यंत ती करामत पोचत नाही. आई ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे तेल वर आहे, जाळ खाली आहे. वातच की!”

वाटणी अशी झाली. जाळ्या आईच्या. मी त्या काढून द्यायच्या, तिने पाटावर बसून कढत पाण्यात भांड्यांचा साबण आणि धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवायच्या. आमच्या जाळ्या स्टीलच्या म्हणून सोडा चालतो, अॅल्युमिनियमची जाळी त्याने काळी पडते. एवढ्या कामासाठी माणूस बोलावणं मला आजही पटत नाही. नळी मात्र माणसाची.

तो आला. चिकोडीकडचा, मराठी बोलणारा, हल्ली एजीपुऱ्यात राहणारा. तासभरात त्याने चिमणीचं बाहेरचं अंग आरशासारखं केलं आणि सहीसाठी फोन पुढे केला.

“आणि नळी?” आईने विचारलं.

“आजी, पाइप आमच्या लिस्टात न्हाई.”

“मग लिस्टाबाहेरचे किती?”

चारशे रुपयांवर ठरलं. नळी खाली आली तेव्हा घड्यांत काकवीसारखा थर होता, आणि बाहेरच्या तोंडाशी, झडप तुटली होती तिथे, कबुतराने रचलेल्या सुक्या काड्या. चिमणीत कबूतर, असा विनोद मी केला. कोणी हसलं नाही. घासायला गेलं तर घड्या फाटतात, त्यापेक्षा नवी नळी घाला, असं तोच म्हणाला. शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानातून मी ती आणली. त्याने एक वळण कमी केलं, बाहेर नवी झडप बसवली. जुन्या पत्र्याने त्याचं बोट कापलं होतं. आईने हळद दाबली आणि चहा रोजच्याच कपात दिला. मी मुद्दाम बघत होते.

रविवारी ताईने कळवलं की तिच्याकडचा माणूस येऊन गेला, पिशवीभर भुगा निघाला.

“ड्रायर भिंतीपासून ओढून मागची नळी सोडवली होती का त्याने?” आईने विचारलं.

ताईला माहीत नव्हतं, ती तेव्हा मीटिंगमध्ये होती.

“मग परत बोलव,” आई म्हणाली, “आणि उभी राहून बघ.”