वळण कसं लागतं

माणूस चांगला वागतो तो नियम आणि देखरेख यांमुळे, असं मी शिक्षकी पेशातली बहुतेक वर्षं मानत आलो. शील, चारित्र्य हे शब्द मला भाषणातले वाटत. नियम स्पष्ट हवा आणि मोडला तर शिक्षा ठरलेली हवी, एवढं पुरे, अशी माझी धारणा होती. आज ती उरलेली नाही.

आमचा शिंदखेडा तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं इथल्या गावांना नवं नाही. अशाच एका गावात पाण्याचा नियम चोख होता : आल्या क्रमाने रांग, घरटी ठरलेले हंडे. एका दुपारी शाळेतल्या एका मुलीचा नंबर आला आणि ती मागे उन्हात टेकलेल्या म्हातारीला म्हणाली, "मोठी माय, तुना हंडा पहिले भरी ले." बायका कुरकुरल्या. तशी ती मुलगी म्हातारीच्या जागी मागे जाऊन उभी राहिली. कुणाचाच नंबर हुकला नाही. नियम तर त्या मुलीच्याच बाजूने होता. तिने हे करावं असं कुणी सांगितलं नव्हतं. तिची आईही अशीच वागत आलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नियम भांडण टाळतो. पण कुणासाठी, केव्हा, किती झिजायचं हे ओळखणारी नजर त्यात नसते. ती सरावाने येते. अ‍ॅरिस्टॉटलने २३०० वर्षांपूर्वी हेच मांडलं : न्यायाने वागत वागत माणूस न्यायी होतो, आणि तसं वागण्यात आनंद वाटू लागला की गुण मुरला असं समजावं.

ग्रीसपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्याच सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर अमळनेर आहे. १९२४ ते १९३० साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसरलेली अंथरुणं आवरत. मुलं ओशाळली, मग हळूहळू आपापली खोली आवरू लागली.

आपल्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांत श्रमप्रतिष्ठा आहे. फळ्यावर ती सुवाच्य अक्षरांत लिहिली जाते. आणि उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा काय? वर्ग झाडणं! फळा एक सांगतो, झाडू दुसरंच शिकवतो, आणि मूल झाडूचं ऐकतं. म्हणजे नुसती सवयही पुरत नाही. तेच काम शिक्षा म्हणून लादलं तर तिरस्कार रुजतो. गुरुजींसारखं कुणी प्रेमाने शेजारी उभं राहून केलं तर गोडी लागते.

एक गुण एकटा टिकत नाही, हेही मला उशिरा पटलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. सोळाव्या अध्यायातल्या दैवी गुणांची विनोबांनी सैन्यासारखी रचना मांडली आहे : आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. त्या रांगेतल्या मुलीपाशी दोन्ही होतं. कुरकुर ऐकूनही तिने म्हातारीला पुढे केलं, आणि स्वतः मुकाट्याने मागे गेली. अभयाशिवाय तिची दया मनातच राहिली असती. नम्रतेशिवाय त्या दयेचा मोठेपणा झाला असता.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. टँकरपाशी रांग हवीच. पण मूल्यशिक्षणाचा तास कसा चालला हे पाहायला कुणी शाळेत आलं, तर मी त्यांना तक्ते दाखवणार नाही. इथले शिक्षक मुलांच्या बरोबरीने झाडू हातात घेतात का, एवढंच विचारा, असं सांगेन. ज्या शाळेत ते घेतात, तिथे श्रमप्रतिष्ठा फळ्यावर लिहावी लागत नाही.