मॅकमधला पोटभाडेकरू

दोन वर्षं पैसे साठवून मॅकबुक घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात, शनिवारी रात्री, त्याच्यावर विंडोज टाकत बसलो. कारण एक जुनी फाइल.

बाबांचं कराडला डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका. २००४ साली त्यांनी पेजमेकरमध्ये आमच्या घराण्याची वंशावळ लावली. २४ पानं, आठ पिढ्या, सगळे पुरुष. यंदा ती पुन्हा छापायचं ठरलं, तेव्हा मालतीआत्यानं फोनवर विचारलं, ‘‘दादा, मी काय आभाळातनं पडले का रे?’’

बाबा काहीच बोलले नाहीत. मग मला त्यांचा फोन आला, ‘‘लेकींची नावं घालून दे. सोमवारी फाइल प्रेसला द्यायचीय.’’

सेंटर बंद झालं, कॉम्प्युटर भंगारात गेला. उरलं होतं ते माझ्याकडे होतं: फाइल, फाँट आणि सॉफ्टवेअरचा बॅकअप, आणि मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डाँगल. ती यूएसबीत खोचायची किल्ली. ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. म्हणून मॅक.

जुन्या इंटेल मॅकवर बूट कँप होतं. विंडोज थेट सुरू करता यायची. २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम १ चिप आणली आणि नव्या मॅकवर ती सोय संपली. आता विंडोजला व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहावं लागतं. मी यूटीएम हे फुकट ॲप घेतलं. १६ जीबी रॅममधली ६ विंडोजला दिली, डिस्कवर ६४ जीबी जागा दिली. ही विंडोज एआरएम चिपसाठीची असते, त्यामुळे मॅकच्या चिपशी तिचं थेट जमतं. पेजमेकर ७ मात्र २००१ चं, इंटेलच्या भाषेतलं. त्याच्यासाठी विंडोज स्वतःच दुभाष्याचं काम करते.

रात्री एकच्या सुमारास फाइल उघडली. सगळीकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी. बॅकअपमधले फाँट टाकले आणि पणजोबा दिसले. त्या जुन्या फाँटमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवलेले असतात. हे मला माहीत होतं, तरी बाबांनी आखलेल्या रेघा जशाच्या तशा बघून मी जरा वेळ नुसता बसून राहिलो.

मग डाँगल लावलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. दुभाषी प्रोग्रॅमपुरता असतो, ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. बावीस वर्षांपूर्वीच्या डाँगलसाठी तो कोण लिहिणार? म्हणजे फाइल वाचता येत होती, पण तिच्यात एक अक्षर टाइप करता येत नव्हतं. युनिकोडमध्ये सगळं नव्यानं लावायला वेळ नव्हता.

रविवारी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘टाइप कशाला करतोस? कॉपी मार. कीबोर्ड बिघडला की आम्ही तेच करायचो.’’

मग मी आजोबा-पणजोबांच्या नावांतून अक्षरं उचलू लागलो. माधवचा ‘मा’, विठ्ठलचा ‘ल’, मारुतीचा ‘ती’. मालती. एकेक चौकट, एकेक रेघ. आठ पिढ्यांतल्या सगळ्या लेकी मिळाल्याच नाहीत. पणजोबांच्या बहिणींची नावं घरात कुणालाच आठवेनात. त्या चौकटी मी रिकाम्या ठेवल्या. बाबा म्हणाले, ‘‘राहू दे तशाच.’’

शेवटी माझी बहीण ऋतुजा. तुकारामचा ‘तु’, राजारामचा ‘जा’. पण ‘ऋ’ एकाही पुरुषाच्या नावात नव्हता. सगळी पानं चाळली. तो पहिल्याच पानावर होता, ‘ऋणनिर्देश’ या मथळ्यात, मोठ्या टाइपात. लहान करून आणला.

सोमवारी पीडीएफ प्रेसला गेली. प्रूफ बघून बाबा म्हणाले, ‘‘मालतीचा काना जरा सरकलाय.’’ आत्याला काना दिसला नाही. तिनं चष्मा लावून नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘आणि माझ्या पोरी?’’

विंडोज अजून काढलेली नाही.