सापोरोत चाला पेंग्विनच्या चालीनं!

बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं मनालीचं पॅकेज. भाड्याचा कोट, गमबूट, एकमेकांवर चार गोळे, आठ फोटो आणि संध्याकाळी हॉटेलात परत! पण त्याच बर्फातून रोज सकाळी नऊची मीटिंग गाठायची असेल तर? हे बघायचं तर जपानच्या होक्काइडो बेटावरचं सापोरो गाठा. वस्ती एकोणीस-वीस लाख आणि हिवाळाभरात पडणारा बर्फ पाच मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दीड मजला!

पर्यटक येतात ते फेब्रुवारीतल्या स्नो फेस्टिव्हलसाठी. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी पार्कात बर्फाचे सहा पुतळे केले, तिथून हा उत्सव सुरू झाला. पण खरी गंमत पुतळ्यांत नाही, फुटपाथवर आहे.

रात्री दहा सेंटिमीटरच्या वर बर्फ साठला की शहर झोपलेलं असतानाच प्लाऊ बाहेर पडतात. ट्रामच्या रुळांवरून तर बांबूच्या काड्यांचे गोल फिरणारे झाडू लावलेली खास ट्राम धावते. साधा बांबू, पण काम एकदम सॉलिड.

आरसा झालेला रस्ता

बर्फ उचलला तरी प्रश्न संपत नाही. पूर्वी इथे गाड्यांच्या टायरना लोखंडी खिळे असायचे. ते बर्फात रुतायचे, पण डांबरही खरवडायचे. वसंत आला की हवेत काळी धूळ आणि लोकांच्या छातीत खोकला. अखेर १९९० मध्ये कायदा झाला आणि खिळे गेले. हवा स्वच्छ झाली, पण रस्ते गुळगुळीत झाले! खिळ्यांमुळे बर्फ खडबडीत राहायचा. आता सिग्नलला गाड्या ब्रेक मारतात, निघताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि बर्फाला पॉलिश होतं. जपानीत याला म्हणतात ‘त्सुरुत्सुरु’. आपल्या ‘सुळकन’चाच भाऊ!

त्यातही शून्य अंशाच्या आसपास सर्वांत जास्त जपायचं. बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि पाय कधी सटकला ते कळतही नाही. दर हिवाळ्यात घसरून पडलेल्यांसाठी ॲम्ब्युलन्स धावतात. विशीतला मुलगा कपडे झटकून उठतो, पण आजीचं खुब्याचं हाड मोडलं तर तिचं घराबाहेर पडणंच थांबू शकतं. स्वच्छ हवेची किंमत चालणाऱ्यांनी मोजायची का, असा हा पेच आहे.

मग मीठ टाका की सगळीकडे! मिठानं बर्फ वितळतो हे खरं. पण पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ फारच सुस्तावतं. शिवाय ते गाड्यांना नि पुलांना गंज आणतं, झाडांना त्रास देतं आणि शेवटी नदीत जातं. रस्त्याखाली तारा किंवा गरम पाण्याचे पाइप घालून तो तापवताही येतो, पण बिल भरायचं कुणी? म्हणून हे उपाय चढ, चौक अशा मोक्याच्या जागीच.

पेटी उघडा, खडी टाका

बाकी ठिकाणी असते पेटी. चौकाच्या कोपऱ्यावर, चढाच्या तोंडाशी. आत बारीक खडीच्या छोट्या पिशव्या. शिपाई नाही, कुलूप नाही. वाट निसरडी दिसली तर पिशवी फोडायची, खडी पसरायची आणि पुढे जायचं. टाकणाऱ्याला फायदा दोन पावलांचा, पण मागून येणाऱ्या शंभर जणांची सोय होते. खडी बर्फ वितळवत नाही, फक्त पावलाला पकड देते. बर्फ गेला की ती झाडून गोळा करतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात शेवाळलेला जिना प्रत्येक सोसायटीत असतो. तिथे मात्र आपण सेक्रेटरीच्या नावानं बोटं मोडत बसतो!

जाणार असाल तर...

* पावलं छोटी टाका. तळवा पूर्ण टेकवा, वजन किंचित पुढे. हीच पेंग्विन-चाल!
* हात खिशात नकोत. ग्लोव्हज घाला.
* बुटांवर चढवायच्या ग्रिप तिथल्या दुकानांत मिळतात.
* झेब्रा क्रॉसिंगवर धावू नका. पुढचा सिग्नल मिळेलच.
* स्टेशन ते ओदोरी जायला २०११ मध्ये सुरू झालेली भुयारी वाट आहे. बर्फाचा प्रश्नच नाही.
* आणि खडीची पेटी दिसली, तर एक पिशवी तुम्हीही फोडा. पाहुण्यांना मनाई नाही.